भूमिका देणाऱ्याचे ऋण

गेल्या वर्षी बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत आम्हांस पाहुणे म्हणून बोलावणे आले होते. शहरातून काही तरुण स्वयंसेवक तेथे आले होते. त्यांत एक परिचारिका होती, बँकेत नोकरी करणारा एक तरुण होता आणि दोघे-तिघे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. 'मोठेपणी मी कोण होणार' या विषयावर भाषणे देण्याऐवजी त्यांनी मुलांकडून छोटे नाट्यप्रवेश बसवून घेतले. वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्याचा डॉक्टरचा कोट झाला, पुठ्ठ्याची टोपी घालून फौजदार अवतरला, खडूच्या खोक्याचा बँकेचा गल्ला झाला. एरवी स्वतःचे नावही धड न सांगणारी मुले खणखणीत आवाजात बोलू लागली. सातवीतील एका मुलीने परिचारिकेची भूमिका केली. नाटकातल्या रोग्याच्या कपाळावर तिने इतक्या मायेने हात ठेवला की क्षणभर सारी शाळा स्तब्ध झाली.

टाळ्या झाल्या, चहापान झाले. आम्ही निघालो तेव्हा ती मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "फादर, खरीखुरी नर्स व्हाले काय करा लागते?" पुढच्या गावी मिस्सा होती, गाडी उभी होती. "खूप अभ्यास कर, बाळ," एवढे बोलून आम्ही गाडीत बसलो. वाटेत आमच्या ध्यानात आले की तिने रस्ता विचारला होता आणि आम्ही तिला आशीर्वाद देऊन वाटेला लावले होते. तेव्हापासून एक प्रश्न आमचा पाठलाग करीत आहे. ज्या मुलाला आपण एखादी भूमिका देतो, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

प्रथम एका जुन्या आक्षेपाचा विचार करू. अभिनय म्हणजे सोंग, आणि सोंग म्हणजे असत्य, असे काही भाविकांस वाटते. शुभवर्तमानात प्रभू येशू ज्यांना ढोंगी म्हणतो, त्यांच्यासाठी मूळ ग्रीक भाषेत आलेला शब्द नटासाठीच वापरला जात असे, हेही खरे. तथापि नट आणि ढोंगी यांत मोठे अंतर आहे. नट सोंग घेतो ते सर्वांच्या देखत, आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असते. ढोंगी मनुष्य आपले सोंग लपवितो. आपल्या मातीला तर सोंगाचे वावडे कधीच नव्हते. पैठणच्या नाथमहाराजांनी आपल्या भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी यांची रूपे घेऊन लोकांना परमार्थ सांगितला. गावोगाव फिरणाऱ्या बहुरूप्याला आमच्या पिढीने दारात पाहिले आहे. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत येशूसंघाच्या शाळांतून नाटक हा शिक्षणाचा नित्याचा भाग होता. ज्या मुलाला उद्या सभेत, न्यायालयात वा वेदीवर उभे राहावयाचे आहे, त्याच्या वाणीला आणि देहाला आज वळण लागले पाहिजे, हा त्यामागील विचार.

भाषणाने मुलाला व्यवसायाची माहिती मिळते, अभिनयाने तो व्यवसाय आतून कळतो. परिचारिका होण्यासाठी दुसऱ्याच्या वेदनेजवळ जावे लागते, हे त्या मुलीला कोणी शिकविले नव्हते. भूमिकेनेच ते तिला शिकविले. शिवाय ज्या कामाचे नावही कानांवर पडलेले नाही, ते मूल निवडणार कसे? लोणारचेच उदाहरण घ्या. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेले हे सरोवर अभ्यासण्यासाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ येतात. २०२० साली त्याचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. परंतु दगड वाचणे हाही एक व्यवसाय आहे, भूशास्त्रज्ञ म्हणून पोट भरता येते, हे त्याच परिसरातील किती मुलांना ठाऊक असेल? हातात हातोडी आणि भिंग देऊन दहा मिनिटे त्यांना भूशास्त्रज्ञ केले, तर जन्मापासून पाहिलेले ते पाणी त्यांना नव्याने दिसेल.

असे असूनही त्या दिवशीच्या रंगमंचावर एक उणीव होती. डॉक्टर आले, फौजदार आले, कलेक्टर आले, वैमानिकही आला. शेतकरी मात्र कोणी झाले नाही. आणि त्या वर्गातील बहुतेक घरी कपाशी किंवा सोयाबीन पिकते! मुलांना दोष देता येणार नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा एक होता. बापाच्या कपाळावरच्या आठ्या पाहत वाढलेले मूल ती भूमिका हौसेने कशी मागणार? मुलांनी शेतीच करावी, असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु आपल्या आईबापाचे काम नाटकात दाखविण्याच्याही योग्यतेचे नाही, हा धडा जर ती घरी घेऊन गेली, तर आपण त्यांना स्वप्न दिले आणि त्यांचा स्वाभिमान काढून घेतला, असे होईल.

येथे संत पोप जॉन पॉल दुसरे यांचे स्मरण होते. पोलंड नाझींच्या ताब्यात असताना, १९४१ साली क्राकुफ शहरात गुप्तपणे नाट्यप्रयोग करणाऱ्या मंडळींत ते तरुणपणी होते. दिवसा ते दगडाच्या खाणीत आणि पुढे रसायनांच्या कारखान्यात मजुरी करीत. पुढील वर्षी त्यांनी गुप्तपणेच सेमिनरीचे शिक्षण आरंभिले. या नटाने आणि मजुराने १९८१ साली मानवी श्रमावर परिपत्रक लिहिले. कामाची प्रतिष्ठा प्रथमतः कामाच्या प्रकारावरून ठरत नाही, तर ते करणारी व्यक्ती मनुष्य आहे यावरून ठरते, हे त्याचे सार. नासरेथच्या सुताराला प्रभू मानणाऱ्यांना हे खरे तर वेगळे सांगावयास नको.

म्हणून आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, प्रत्येक नाट्यप्रवेशात भूमिकांची अदलाबदल व्हावी. जो डॉक्टर झाला त्याने पुढच्या खेपेस रोगी व्हावे, जो बँकेचा अधिकारी झाला त्याने कर्ज मागावयास आलेला शेतकरी व्हावे. व्यवसाय म्हणजे अंगावर चढविलेला कोट नव्हे, समोर बसलेला मनुष्य कोण आहे याची जाणीव म्हणजे व्यवसाय, हे त्यातून मुलांना उमगेल. आपल्या धर्मग्रामांतही पाचारण रविवारी आपण लहान मुलांना झगे घालून व्यासपीठावर आणतो आणि त्यांचे कौतुक करतो. त्या झग्यातील मनुष्य मध्यरात्री कोणाच्या मृत्युशय्येजवळ जातो, हे आपण त्यांना दाखवितो काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात तरुणपणीच्या नाटकांच्या वेडाची कबुली दिली आहे. कार्थेज नगरीत असताना रंगभूमीवरील दुःख पाहून त्यांना रडावयास आवडे. पुढे त्यांनी स्वतःलाच विचारले की, ही कसली करुणा? प्रेक्षकाला मदतीसाठी कोणी हाक मारीत नाही, त्याला केवळ दुःखी होण्याचे निमंत्रण असते. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आम्हांस त्या शाळेच्या ओसरीवर भेटला. मुलीचा अभिनय पाहून आमचेही डोळे पाणावले होते. परंतु तिने खरी हाक मारली तेव्हा आम्ही गाडीत जाऊन बसलो. सोंग कोणाचे होते, तिचे की आमचे?

यावर कोणी म्हणेल, मग गरिबाच्या मुलाला मोठी स्वप्ने दाखवूच नयेत. न झेपणाऱ्या आशेने पुढे निराशाच पदरी येते. हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, परंतु तो अन्यायाचा आहे. कोणत्या मुलाने किती मोठे स्वप्न पाहावे हे ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध करून पुरुषी समाजाला जाब विचारला. त्या काळी स्त्रीला लेखिकेची भूमिका देऊ करणारे कोण होते? स्वप्न दाखविणे चूक नाही. ते दाखवून पाठ फिरविणे चूक आहे. जो भूमिका देतो तो ऋणी होतो. ते ऋण संपूर्ण फेडणे एकट्याच्या शक्तीबाहेरचे असेल, पण पुढचे एक पाऊल दाखविणे कोणाच्याही शक्तीत असते.

ते पाऊल पुष्कळदा साधे असते. दोन महिन्यांनी आम्ही एका धर्मभगिनींना, ज्या स्वतः परिचारिका आहेत, बरोबर घेऊन त्या शाळेत पुन्हा गेलो. बारावीनंतर जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, हे त्यांनी मुलीला आणि तिच्या आईला समजावून सांगितले. आठवीत असताना एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा देता येते, आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे जे विद्यार्थी तीत निवडले जातात, त्यांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, हेही सांगितले. आईने रकमेचा आकडा दोनदा विचारून घेतला. मुलगी या वर्षी आठवीत आहे. ती परिचारिका होईल की नाही, ते परमेश्वर जाणे. परीक्षेचा अर्ज भरला गेला की नाही, हे पाहणे मात्र आमचे काम आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात पहिले दोन शिष्य येशूला विचारतात की तो कोठे राहतो. तो त्यांना उपदेश करीत नाही, आपल्याबरोबर येऊन पाहावयास सांगतो, आणि तो दिवस ते त्याच्याजवळ राहतात. पाचारणाचा आरंभ असा सहवासाने झाला, आणि ज्याने हाक मारली तो पुढे त्यांच्याबरोबर चालत राहिला. आपल्या धर्मग्रामांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, गवंडी, शिंपी, वाहनचालक, शेतकरी आहेत. त्यांनी एखाद्या शाळेत जाऊन मुलांकडून आपल्या कामाचे नाटक अवश्य बसवून घ्यावे. मात्र निघताना एखादे मूल जवळ येऊन काही विचारील, एवढा वेळ हाताशी ठेवूनच घरून निघावे.