परवीन

परवीन हे स्त्रीनाम कानी पडले की ते मुसलमान घरातले, एवढीच नोंद आपल्या मनाच्या दफ्तरात होते आणि पुढची चौकशी खुंटते. कोणी कोणी तर त्याला 'प्रवीण'चाच अपभ्रंश समजतात. वस्तुतः ज्याची व्युत्पत्ती आपले वैयाकरण वीणेपाशी नेतात त्या प्रवीण शब्दाशी या नावाचा सुतराम संबंध नाही. फारसीत परवीन म्हणजे कृत्तिका, म्हणजे एकटी तारका नव्हे, तर साध्या डोळ्यांना सहा-सात ठिणग्या एकवटल्यासारखा दिसणारा तारकांचा पुंजका.

इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतके रचल्या गेलेल्या अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात, पर्जन्यदात्या व्याधाच्या ताऱ्याचे स्तवन करणारे जे तिश्तर यश्त आहे, त्यात त्या ताऱ्यासह ज्या तारकांना वंदन केले आहे त्यांत या पुंजक्याचे प्राचीन नाव येते, आणि परवीन हे त्याचेच झिजत झिजत उतरलेले रूप होय. त्या मूळ नावाची संगती काही पंडित 'पुष्कळ' या अर्थाच्या, आपल्या 'पुरु'शी सगोत्र असलेल्या शब्दाशी लावतात, तर काही 'पहिल्या' या अर्थाच्या, वैदिक 'पूर्व्य'शी नाते सांगणाऱ्या शब्दाशी. निर्णय भाषाशास्त्रज्ञांनी करावा. परंतु माझे मन दुसऱ्या पक्षाकडे ओढ घेते, कारण तैत्तिरीय संहितेतील नक्षत्रांची गणनाही कृत्तिकांपासूनच सुरू होते, आणि कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत या शतपथ ब्राह्मणातील वचनाचा आधार घेऊनच शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या ब्राह्मणाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांपर्यंत मागे नेला.

पुढे इराणची सत्ता पालटली, धर्म पालटला, लिपी पालटली, अरबी भाषेतून याच पुंजक्याचे सुरैया हे नाव त्या मुलखात आले आणि तेही मुलींना ठेवले जाऊ लागले. परंतु त्यामुळे परवीन बेदखल झाली नाही. दोन्ही नावे सुखाने शेजारी नांदली, आणि फारसीच्या मागोमाग हिंदुस्थानातही आली.

या नावाला विसाव्या शतकात जी प्रतिष्ठा लाभली तिचे श्रेय परवीन एतेसामी या इराणी कवयित्रीला आहे. १९०७ साली तब्रीझ येथे जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव रख्शंदे, म्हणजे तेजस्विनी; परवीन हे तिने पुढे स्वीकारले. १९३५ साली तिचा दीवान, म्हणजे काव्यसंग्रह, निघाला, तेव्हा इतकी प्रौढ, नीतिपर आणि बांधेसूद कविता स्त्रीच्या हातून उतरली असेल यावर कित्येकांचा विश्वास बसेना, आणि या नावाआड कोणी पुरुष दडला असावा अशी शंका घेतली गेली. तेव्हा परवीन पुरुष नाही, असे तिला पद्यातच बजावावे लागले. स्त्रीच्या बुद्धीचा हा अव्हेर आपल्याकडेही अपरिचित नाही, म्हणून तो वाचताना अधिकच जिव्हारी लागतो. १९४१ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ती विषमज्वराने निवर्तली. कूम येथील फातिमा मासूमेच्या दर्ग्यात वडिलांशेजारी तिला दफन केले असून, कबरीसाठी तिनेच रचून ठेवलेल्या पद्यात तिने आपल्याला साहित्याच्या आकाशातील परवीन म्हटले आहे. शिया पंथाच्या त्या पवित्र स्थानी, अवेस्तेने वंदिलेल्या तारकांचे हे नाव कोणालाही परके वाटलेले नाही.