आततायी कधीपर्यंत?

ठाण्याजवळच्या मुंब्रा बायपासवर 23 सप्टेंबर 2024 च्या संध्याकाळी पोलिसांच्या गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या. तळोजा तुरुंगातून ठाण्याकडे आणला जाणारा बदलापूर अत्याचार प्रकरणातला आरोपी खटला चालण्याआधीच ठार झाला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराचा संताप खराच होता. असल्या माणसाला मारण्यात कसले पाप, असे कित्येकजण उघड म्हणत होते.

पाप कसले, हे धर्मशास्त्राने मात्र बारकाईने पाहिले आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा, धन, शेत किंवा बायको पळवणारा तो आततायी. तो चालून आला तर गुरू असो की ब्राह्मण, बेलाशक मारावा, असे मनुस्मृती सांगते. मनूचे हे वचन लोकांना ठाऊक असते, कात्यायनाचे नसते. कात्यायनाची स्मृती आज अखंड मिळत नाही. इतर ग्रंथांत विखुरलेली तिची वचने मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या पां. वा. काणे यांनी गोळा केली. मारायला उठलेल्याला मारण्यात दोष नाही, पण तो मागे फिरला तर त्याला धरावे, मारू नये, असा कात्यायनाचा दंडक. आततायीपण त्या घटकेपुरते. कालचा गुन्हा कितीही घोर असो, आजच्या गोळीला तो कारण म्हणून पुरत नाही.

त्या घटकेची कदर मात्र न्यायालये सढळपणे करतात. मार्च 1950 मध्ये कटनीत दंगल उसळली. जमावाने अमजद खानच्या भावाचे दुकान लुटले, मग खुद्द त्याच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक जण मेला. नागपूर उच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली, पण 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस नागपूरचेच. दार फुटेपर्यंत त्याने थांबायला हवे होते, हे त्यांना पटले नाही.

हीच सवलत पोलिसांनाही आहे, आणि असायलाच हवी. फक्त ती घटका खरोखर आलेली असली पाहिजे. 11 नोव्हेंबर 2006 रोजी लखनभैया नावाचा संशयित गुंड वर्सोव्यात चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याला वाशीतून उचलल्याच्या तारा आणि फॅक्स त्याच्या वकील भावाने त्याआधीच अधिकाऱ्यांकडे धाडले होते! 19 मार्च 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपिलात पोलिसांची जन्मठेप कायम केली आणि आधी सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरवले. शर्मांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

बायपासच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांवर ठपका ठेवला. 7 एप्रिल 2025 रोजी उच्च न्यायालयाने विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. गाडीत इतके पोलीस असताना एकट्या आरोपीला आवरता कसे आले नाही, आणि गोळी पायावर न लागता डोक्यात कशी लागली, हे न्यायालयाने घटनेनंतर दोनच दिवसांनी विचारले होते.