साधकाने भरपाई मागावी का?

वाचकहो, एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. रायपुरात तीन पिढ्यांपासून स्थायिक असलेल्या एका मराठी कुटुंबातील गृहस्थांनी तो मला विचारला. ते शाळेची व्हॅन चालवत. टाटीबंध चौकाजवळ एका ट्रकने मागून धडक दिली आणि कमरेच्या मणक्यांमधील गादी सरकून पायाच्या नसेवर दाब आला. आता अर्धा तास बसले की उजवा पाय बधिर होतो. पत्नी म्हणते, “अहो, दावा तरी लावा.” ते म्हणतात, “रोज ध्यानाला बसणाऱ्याने पैशासाठी कोर्टाची पायरी चढायची? प्रारब्ध होते, भोगून संपवू.”

आपण त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

हे उत्तर ऐकायला वैराग्यासारखे वाटते. पण जरा थांबून पाहा. पाठीतली कळ त्यांची आहे. ती त्यांनी खुशाल सोसावी. मुलीची फी मात्र त्यांची एकट्याची नाही. आपल्या वाट्याचे सोडून देणे हा त्याग. दुसऱ्याच्या वाट्याचे आपणच सोडून दिले तर त्याला काय म्हणावे? आणि खरे सांगायचे तर अशा विरक्तीत कधी कधी वकिलाची, तारखांची आणि ‘लोक काय म्हणतील’ याची भीतीही दडलेली असते.

फळाची आसक्ती नको, म्हणजे कर्मच नको, असे गीता सांगत नाही. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते हेच मांडण्यासाठी. (त्याचा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे रायपूरचेच, हे इथल्या मराठी माणसाने विसरू नये.) दिवंगत मित्राने सोपवलेल्या विश्वासापायी हेच लोकमान्य ताईमहाराज प्रकरणात १९०१ पासून कोर्टात झगडत होते. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल आला १९१५ मध्ये, आणि ‘गीतारहस्य’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

मग राग? ट्रकचालकाबद्दल मनात कडवटपणा असेल तर तो जरूर सोडावा. १८९७ मध्ये डर्बनला जमावाने गांधीजींना मारहाण केली, तेव्हा त्यांनी हल्लेखोरांवर खटला भरायला नकार दिला. पण तो प्रश्न शिक्षेचा होता. भरपाईचा दावा कुणाला शिक्षा करण्यासाठी नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे तो यासाठीच, की एकाच्या चुकीने दुसऱ्याचे घर बसू नये. वाहनाचा विमा आणि कागदपत्रे ठीक असतील तर रक्कम विमा कंपनी भरते, तो गरीब चालक नव्हे. चालकाला मनापासून क्षमा करून त्याच दिवशी अर्जावर सही करता येते; त्यात विसंगती नाही. विचार मात्र लवकर करावा, कारण २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आहे.

न्यायाधिकरण मोजते काय, तेही जाणून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात समजावले आहे की शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डावा हात गमावलेल्या सुताराचे किंवा ड्रायव्हरचे कामच संपते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. आमच्या या गृहस्थांचे तसेच आहे. कागदावर अपंगत्व थोडे दिसेल, पण व्हॅन तर बसूनच चालवावी लागते.

खरी परीक्षा यापुढे आली. अपघाताच्या वर्षभर आधी त्यांची कंबर दुखत होती. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घरात होती. ओळखीतल्या एकाने सुचवले, “ती फाडून टाका, कुणाला कळणार आहे?”

इथे मला गांधीजींच्या वकिलीतला एक प्रसंग आठवला. लवादाचा निवाडा त्यांच्या अशिलाच्या बाजूने लागला होता, पण हिशेबात एक चूक होती, तीही अशिलाच्या फायद्याची. ज्येष्ठ वकील म्हणाले, आपण होऊन कबूल करण्याचे कारण नाही. गांधीजींनी अशिलाला राजी केले, स्वतः उभे राहून चूक मान्य केली, आणि तरीही न्यायालयाने निवाडा रद्द केला नाही. पण समजा, रद्द केला असता तर? गांधीजींनी तो धोका पत्करूनच तोंड उघडले होते, आणि आपल्याला विचार करायचा आहे तो त्या क्षणाचा.

पाठदुखी कधीच नसलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही गाद्या झिजलेल्या, बाहेर आलेल्या दिसतात. त्यामुळे जुन्या दुखण्याचा कागद दावा बुडवतोच असे नाही. अपघाताने त्यात जी भर घातली ती मागता येते. मात्र रक्कम कमी होऊ शकते, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. कमी झाली तर झाली. जितके नुकसान तितकेच मागणे, यापलीकडे अनासक्ती ती आणखी काय?

दोन दिवस ते काही बोलले नाहीत. मग रस्त्यावरच्या पंचनाम्याच्या प्रतीखाली, एमआरआयच्या अहवालाच्याही वर, त्यांनी ती जुनी चिठ्ठी लावली. वकिलांनी कपाळाला हात लावला, पण फाईल घेतली. पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. बाकावर फार वेळ बसवत नाही, म्हणून पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभे राहायचे त्यांनी ठरवले आहे.