संशयाचा फायदा कोणाला?

न्यायमंदिरातला एक नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. पुरावा अपुरा असेल तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. नियम दयेचा आहे आणि योग्यही आहे. परंतु कारखान्यातल्या विषारी द्रव्यालाही हाच नियम लावावा काय? द्रव्याचा दोष पुरता सिद्ध होईपर्यंत सरकारने हातावर हात ठेवून बसावे काय? सज्जनहो, या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

प्रथम दृष्टान्त पाहू. तो कल्पित नाही, घडलेला आहे. जपानात क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पाऱ्याचे विषारी संयुग खाडीत जाई. पाण्यातून ते मासळीत गेले आणि मासळीतून माणसांत उतरले. मांजरे वेड्यासारखी नाचून मेली. माणसांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी मंदावली, वाचा अडखळली. आईच्या पोटातली बाळेदेखील सुटली नाहीत. १९५६ साली या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी एका मांजराला सांडपाणी मिसळलेले अन्न घालून पाहिले, आणि त्याला तोच रोग जडला. कंपनीने ही गोष्ट बाहेर येऊ दिली नाही. सरकारने खरे कारण मान्य केले ते १९६८ साली! बारा वर्षे संशयाचा फायदा पाऱ्याला मिळाला आणि शिक्षा कोळ्यांनी भोगली.

येथे पूर्वपक्ष असा : “अहो महाराज, नुसत्या शंकेवरून कारखाने अडवाल तर हजारो चुली विझतील. शंका काय, कशाचीही काढता येते!” हा आक्षेप फुंकरीने उडवण्यासारखा नाही. औषध, खत, साबण ही सारी रसायनेच आहेत, आणि कामगाराची भाकरीही तेथेच आहे.

त्याचे उत्तर ऐका. संशयाचा फायदा आपण आरोपीला का देतो? तो जीव आहे म्हणून. निरपराध जीवाचे झालेले नुकसान परत भरून येत नाही. आता कारखान्याच्या प्रकरणात जीव कोण? रसायन जीव नव्हे. त्याला वर्षभर थांबवले तरी त्याला दुःख होत नाही. जीव आहे तो मासळी खाणारा, पाणी पिणारा, भट्टीपाशी उभा राहणारा कामगार. म्हणजे नियम तोच, फक्त फायदा खऱ्या अधिकाऱ्याला द्यायचा. शंका मात्र सकारण हवी. आणि नियमन म्हणजे दरवेळी बंदीच नव्हे. आधी परीक्षा, मग परवाना; द्रव्याची मर्यादा ठरवणे, सांडपाणी तपासणे, हेही नियमनच. त्याने चूल विझत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच सांगितले. तामिळनाडूत चामड्याच्या कारखान्यांनी पालार नदी नासवली होती. त्या खटल्यात न्यायालय म्हणाले, आपले काम निर्धोक आहे हे सिद्ध करण्याचा भार कारखानदारावर आहे.

कोणी म्हणेल, मालकाला सद्बुद्धी झाली की कायदा कशाला? पण होसोकावांना सद्बुद्धी होतीच की! तिच्या पाठीशी राजसत्ता उभी नव्हती, म्हणून १९७० साली आजारपणाच्या अंथरुणावरून साक्ष देईपर्यंत ती मुकी राहिली.

तरी नुसता कायदाही पुरत नाही. आज अनेक मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तुमच्या भागात ती झाली तर अवश्य जा आणि एवढेच विचारा : सांडपाणी कोठे जाणार, आणि ते निर्धोक असल्याचा पुरावा कोठे आहे?