शिक्का आणि स्वाक्षरी

नाताळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामातील मुलामुलींची शुभेच्छापत्रे तयार करण्याची लगबग सुरू होते. खोडरबरावर तारा किंवा गव्हाणी कोरावयाची, ती शाईच्या गादीवर दाबून जाड कागदावर ठसा उमटवावयाचा, शाई ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंगची बारीक भुकटी भुरभुरावयाची, जास्तीची झटकून टाकावयाची आणि मग उष्णता द्यावयाची. भुकटी वितळते आणि सपाट ठसा उठावदार होतो. बोट फिरविले तर हाताला लागतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही या मुलांकडून प्रत्येक कुटुंबासाठी एक, अशी दीडशे पत्रे करवून घेतली. वेळ नव्हता म्हणून आत आमची स्वाक्षरीही रबरी शिक्क्यानेच उमटविली. जानेवारीत एका आजींना कम्युनियन देण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. पत्रावरून बोट फिरवीत त्या म्हणाल्या, "फादर, तारा हाताला लागला. पोरांनी मेहनत केली आहे. आता तुम्ही आत काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा." वाचून दाखवावे असे आत काहीच नव्हते.

दोष शिक्क्याचा होता काय? तसे म्हणवत नाही. मुलांनीही शिक्केच वापरले होते. जपमाळेच्या पाच दशकांत तीच प्रार्थना पन्नास वेळा येते, म्हणून ती निर्जीव ठरत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तर शिक्का हवाच. तेथे धर्मगुरू कोण, याला महत्त्व नसते. धर्मग्रामाची साक्ष पुरेशी असते. शुभेच्छेचे मात्र नेमके उलट आहे. तेथे देणारा कोण आणि घेणारा कोण, हेच सर्व काही असते. दाखल्याची रीत आम्ही शुभेच्छेला लावली, ही आमची चूक.

लंडनचे हेन्री कोल यांनाही वेळेची हीच अडचण होती. पत्रांची उत्तरे देणे आवाक्याबाहेर गेले, तेव्हा १८४३ साली त्यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून चित्र काढवून नाताळची कार्डे छापून घेतली. परंतु त्या छापील कार्डावरही घेणाऱ्याचे व देणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी कोरी जागा ठेवलेली होती. नागपुरातील आमचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स हे बिशप होते. त्यांना कामे काय थोडी होती? तरीही ते माणसामाणसाला पत्रे लिहीत. भक्तिजीवनावरील त्यांच्या १६०९ सालच्या ग्रंथाचे मूळ मादाम द शार्मुआझी या एका स्त्रीसाठी केलेल्या लेखनात आहे. जे पुढे सर्वांचे झाले, ते आधी एकीसाठी लिहिलेले होते.

कोणी म्हणेल, दीडशे घरांना हाताने लिहावयाचे तर इतर सेवेचे काय? आक्षेप खरा आहे. प्रेमालाही वेळेची मर्यादा असते. परंतु मर्यादा मान्य करणे वेगळे आणि ती शिक्क्याआड लपविणे वेगळे. आज मोबाइलवरून एकच चित्र क्षणात शंभर जणांना धाडताना हा प्रश्न आपणा सर्वांपुढेच उभा राहतो.

आता आम्ही दर आठवड्याला तीन पत्रे लिहितो; वर्षभरात सर्व घरे होतात. काहींना नाताळच्या शुभेच्छा जुलैत मिळतात. त्याबद्दल अद्याप कोणी तक्रार केलेली नाही.