दान नव्हे, देणे



संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या ४ ऑक्टोबरच्या सणानिमित्त गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्साबलिदानानंतर आपण चर्चच्या आवारात पाळीव प्राण्यांना आशीर्वाद दिला. कुत्रे आले, मांजरे आली, कुणी शेळी आणली, एका छोट्या मुलाने तर बरणीत मासा आणला. मुलांना फार आनंद झाला. मलाही झाला.

गर्दी पांगल्यावरही एक मावशी मंडपात बसून राहिल्या होत्या. त्यांच्याबरोबर प्राणी नव्हता. जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, "फादर, माझा येऊ शकला नाही. तो सलाईनवर आहे." त्यांच्या परवानगीने, नाव न सांगता, त्यांचा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवत आहे. कारण तो एकट्या त्यांचा प्रश्न नाही.

मावशींचा कुत्रा तेरा वर्षांचा. मुलगा कॉलेजात असताना त्याने हौसेने आणला. पुढे मुलगा नोकरीसाठी आखातात गेला, लग्न झाले, तिकडेच स्थिरावला. कुत्रा मावशींकडे राहिला. मावशी पतीच्या पेन्शनवर घर चालवतात. आता कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. रक्ततपासणी, सोनोग्राफी, एक दिवसाआड सलाईन, रिक्षाचे जाण्या-येण्याचे भाडे, असे दीड महिन्यात बावीस हजार रुपये गेले. पैसे पुरेनात म्हणून मावशींनी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. त्यात शेजारीण बोलली, "माणसांना औषध मिळत नाही, आणि हिचा कुत्रा सलाईन घेतोय!" मावशींनी मला विचारले, "फादर, मी पाप करते का?"

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो आहे. माझ्याकडे उत्तर तयार होते. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, प्राणी नाही. तेव्हा आधी तुमच्या गोळ्या, मग कुत्र्याचे सलाईन. मावशी "बरं, फादर" म्हणाल्या आणि निघून गेल्या. उत्तर चुकीचे नव्हते. पण त्या रात्री मला झोप लागेना. मला टायगर आठवत राहिला.

टायगर माझा कुत्रा होता. पूर्वीच्या एका धर्मग्रामात असताना नाताळच्या दिवसांत एका कुटुंबाने मला पिल्लू भेट दिले. सहा वर्षे तो धर्मगुरू निवासात माझ्याबरोबर राहिला. संध्याकाळचे मिस्साबलिदान आटोपून मी परत येईपर्यंत तो फाटकाशी बसून राही. मग माझ्या बदलीचे पत्र आले. मी पुस्तके बांधली, कपडे बांधले, एक जुना रेडिओसुद्धा आठवणीने नेला. टायगरविषयी मनाशी म्हणालो, "कुत्रा निवासाचा आहे, माझा नाही." त्याला नेता येईल का, हे मी विचारले नाही. नव्या फादरांना कुत्रा चालेल का, हेही विचारले नाही. त्याच्या खाण्यासाठी चार पैसे ठेवले नाहीत. त्याच्या लसीचा कागद कपाटात कुठे आहे, तेवढेदेखील कुणाला सांगितले नाही.

दोन आठवड्यांनी तिथल्या सेवकाचा फोन आला. "फादर, तो अजून फाटकाशी बसतो." मी हसून विषय बदलला. पावसाळ्यात पुन्हा फोन आला. टायगरला खरूज झाली होती. तो रस्त्यावर फिरत होता, एका रात्री गाडीखाली आला आणि गेला. नव्या फादरांना मी दोष देत नाही. त्यांनी कुत्रा मागितला नव्हता, मी घेतला होता. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मी नव्या धर्मग्रामात प्राण्यांवर पवित्र पाणी शिंपडले आणि संत फ्रान्सिस यांच्यावर प्रवचन दिले. आज ते आठवले की लाज वाटते.

बंधू-भगिनींनो, माझे नेमके काय चुकले? मी टायगरला कधी मारले नव्हते. तत्त्वज्ञांच्या पुस्तकांत शोधले तर वेगवेगळी उत्तरे सापडतात. सतराव्या शतकात देकार्त याने प्राणी म्हणजे एक प्रकारची यंत्रेच असे मांडले. तसे असेल तर मी रेडिओ नेला आणि दुसरे यंत्र मागे ठेवले, एवढेच झाले. संत थॉमस अक्वायनस आणि नंतर इमान्युएल कांट यांनी सांगितले की, प्राण्याशी क्रूरपणे वागणारा पुढे माणसाशीही तसाच वागू लागतो, म्हणून क्रूरता टाळावी. १७८९ साली जेरेमी बेंथम याने विचारले की, प्राणी विचार करतो का, बोलतो का, हा मुद्दाच नव्हे. त्याला दुःख होते का, एवढे पाहा.

या सगळ्यांत काही ना काही शिकण्यासारखे आहे. पण माझ्या मनाला जे टोचते ते याहून साधे आहे. रानातल्या प्राण्याला आपले अन्न कुठे आहे ते ठाऊक असते. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कुठल्या हॉटेलमागे काय मिळते ते कळते. आपण पिल्लू घरात आणतो, दार लावतो, साखळी बांधतो, तेव्हा त्याची स्वतःचे पोट भरण्याची विद्या आपण काढून घेतो. त्याने आपल्याला निवडलेले नसते, आपण त्याला निवडलेले असते. त्या क्षणापासून त्याला घातलेली भाकरी हे दान राहत नाही, ते देणे होते. दान नाही केले तर आपण कंजूष ठरतो. देणे नाही फेडले तर अन्यायी ठरतो. मी टायगरला दया कमी दाखवली असे नाही. मी त्याचे देणे बुडवले.

पवित्र शास्त्रातही हाच सूर आहे. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. दहा आज्ञांमध्ये शब्बाथाची विश्रांती सांगताना परमेश्वराने घरातल्या जनावरांनाही त्या आज्ञेत बसवले. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गोष्ट सांगितली ती आपल्याला ठाऊक आहे. गरीब माणसाची ती एकच मेंढी. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत झोपे. त्या गरिबाला एवढे लाड परवडतात कसे, असे नाथान विचारत नाही, आणि दावीदही विचारत नाही. गरीब माणसाच्या मायेची पवित्र शास्त्राने थट्टा केलेली नाही.

मात्र देणे म्हटले की हिशोब आला, आणि हिशोब आधी करायचा असतो. आपल्या आजी-आजोबांच्या वाडीत कुत्रा असायचा तो ओट्याखाली झोपायचा, उरलेसुरले खायचा, रात्री केळीच्या बागेत भुंकायचा. त्याचा वेगळा खर्च कुणी वहीत लिहिला नाही. (त्याला पिसवा-गोचिड्या झाल्या, तो लवकर मेला, हेही कुणी लिहिले नाही.) आता वाड्यांच्या जागी इमारती आल्या. वन-रूम-किचनमध्ये लॅब्रडोर आला. आपल्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाने मला त्यांची वही दाखवली. खाद्याला महिन्याला साडेतीन हजार. लसी, जंताचे औषध, गोचिड्यांचे औषध, वर्षातून एक-दोन आजारपणे. शिवाय महानगरपालिकेचा परवाना. मे महिन्यात लग्नाला गावी जायचे तर त्याला ठेवायचे कुठे, ही चिंता निराळीच. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, मांजर पंधरा वर्षेही जगते. म्हणजे वाढदिवसाला आठवीतल्या मुलाने मागितलेले पिल्लू म्हातारे होते तेव्हा मुलगा नोकरीला लागलेला असतो, आणि पिल्लू सांभाळत असते त्याची आई. तेव्हा पालकांनो, मुलाला "हो" म्हणण्याआधी स्वतःला विचारा, याचे बारावे वर्ष कोण सांभाळणार?

ज्यांना हा हिशोब जमत नाही ते काय करतात, हे आपण पाहतो. मांजराची पिल्ले गोणीत घालून मासळी बाजाराजवळ सोडली जातात, "तिथे त्यांना मासे मिळतील" असे म्हणून. कुत्रा दुसऱ्या गावच्या नाक्यावर उतरवला जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा ठरवला. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला नेमलेला दंड १० ते ५० रुपये होता. म्हणून पाप तेवढ्याच किमतीचे होते असे नाही. यापेक्षा वेळीच नसबंदीचे ऑपरेशन करून घेणे किती तरी बरे. आणि रेबीजच्या लसीत तर शेजाऱ्याचाही वाटा आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्याने आपल्या कुत्र्याला लस दिली नाही, त्याने शेजाऱ्याच्या मुलाचेही देणे बुडवले.

आता दुसरी बाजू. देण्याला मर्यादा असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४१८ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सर्व सृष्टीची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्यांनीच २०२२ च्या जानेवारीत मुलांच्या जागी कुत्री-मांजरी आणणाऱ्या जोडप्यांना कानपिचक्याही दिल्या. यात विरोध नाही. अन्न, पाणी, सावली, लस, सोबत आणि ऐपतीप्रमाणे औषधोपचार, हे प्राण्याचे देणे आहे. हॉलमध्ये साजरा केलेला वाढदिवस आणि भरजरी कपडे हे देणे नाही, ती आपली हौस आहे. त्याच इमारतीत धुणी-भांडी करणाऱ्या ताईंचा पगार थकलेला असेल, तर ती हौस तिच्या पैशांतून चालली आहे.

पण हा परिच्छेद शेजारणीच्या हातात काठीसारखा देऊ नये. जो मोबाईल बदलताना गरिबाची आठवण काढत नाही, त्याला म्हातारीच्या कुत्र्याचे सलाईन पाहून गरीब आठवतात, हे काही खरे नाही.

बुधवारी मी मावशींच्या घरी गेलो. कुत्रा ओट्यावर गोणपाटावर पडला होता. उठत नव्हता, खात नव्हता. मी त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, "फादर, सलाईनने दिवस वाढतील, त्रासही वाढेल. मी मावशींना एकदा सुचवलं, पण त्या रडू लागल्या." माणसाच्या बाबतीतही अतिशय बोजड, असाधारण उपचार चालू ठेवलेच पाहिजेत असा चर्चचा आग्रह नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे स्पष्ट केले होते. माणसाचे जीवन आपण संपवू शकत नाही, ते देवाच्या हाती आहे. प्राण्याच्या बाबतीत मात्र असह्य यातनांतून त्याला वेदनारहित सोडवणे हे पाप नाही. उलट तेही त्याच्या देण्याचाच शेवटचा हप्ता असू शकतो.

मावशी म्हणाल्या, "फादर, मी त्याला सोडून दिलं असं वाटेल हो." मी त्यांना टायगरची गोष्ट सांगितली. ती मी याआधी कुणाला सांगितली नव्हती. मग म्हणालो, "मावशी, सोडून दिलं ते मी. तुम्ही तेरा वर्षं सांभाळलंत. त्याला कायम जगवायचं वचन तुम्ही दिलं नव्हतं. त्याला एकटं टाकणार नाही, एवढंच वचन होतं." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. मुलगा रडला, आणि आतापर्यंतचा सगळा खर्च पाठवतो म्हणाला. ते योग्यच झाले, देणे मुळात त्याचे होते. शुक्रवारी सकाळी डॉक्टर घरी आले. कुत्र्याचे डोके मावशींच्या मांडीवर होते. मीही शेजारी बसलो होतो.

मावशी, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या प्रश्नाचे नीट उत्तर आज देतो. कुत्र्यावर खर्च केलात यात पाप नव्हते. स्वतःच्या गोळ्या कमी केल्यात, ती चूक होती, कारण तुमचा देहही देवाने तुमच्याकडे सांभाळायला दिला आहे. गोळ्या रोज घ्या.

आणि सर्वांना एक विनंती. पुढच्या वर्षी आशीर्वादासाठी प्राणी आणाल तेव्हा त्याचे लसीचे कार्डही आणा. मी आधी कार्ड पाहीन, मग पवित्र पाणी शिंपडीन. ज्यांना लसीचा खर्च झेपत नाही त्यांनी संकोच न करता ऑफिसात येऊन मला भेटावे. टायगरचे देणे मला आता फेडता येणार नाही. दुसऱ्या एखाद्याचे तरी फेडता येईल.

प्रभू आपणा सर्वांना आणि आपल्या दारातील मुक्या जिवांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू