ओळखीचे पाणी

समुद्रात कोणी बुडाले की आपल्याकडे दोन वाक्ये तयार असतात. पहिले, "काय गरज होती पाण्यात जायची?" आणि दुसरे, "त्याची तेवढीच लिहिली होती." पहिल्या वाक्याने सगळा दोष मरणाऱ्याकडे जातो, दुसऱ्याने तो कोणाकडेच जात नाही. तकदीरवर माझा ईमान आहे. पण चौकशी मिटवण्यासाठी तकदीरचे नाव घेतले जाते तेव्हा मला बोलणाऱ्याची घाईच जास्त दिसते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणाला तरी ते पाणी कसे आहे हे ठाऊक होते आणि उतरणाऱ्याला नव्हते. मग या दोघांचे एकमेकांशी नाते काय? ठाऊक असणाऱ्यावर सांगण्याची जबाबदारी किती आणि दुसऱ्यावर ऐकण्याची किती?

एकाच किनाऱ्यापुरता विचार केला तर हा प्रश्न सोपा वाटतो. देशाचे दोन्ही किनारे शेजारी ठेवून पाहिले की तो अवघड होऊ लागतो.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठचे. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी जहाजावर, होडीवर किंवा आखातात. तिथल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ सांगायला घड्याळ लागत नसे, चांदरात लक्षात असली की पुरे. कोकणात सगळीकडे हा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आमचे लोक हिजरी तारखेत एक मिळवून तिथी काढत आणि पंधरा ओलांडले की पंधरा वजा करत. चंद्र दोघांचा एकच, त्यामुळे कोळीवाड्यातला हिशेब आणि मोहल्ल्यातला हिशेब कधी भांडल्याचे ऐकिवात नाही. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, अर्ध्या चंद्राच्या दिवसांत भांग. उधाणाला मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो. खाली गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास येतो. सपाट, लांबलचक पुळण असेल तर ओहोटीला पाणी इतके दूर जाते की नवख्या माणसाला समुद्र आपल्याला जागा करून देतो आहे असे वाटते. परतणारे पाणी मात्र सरळ रेषेत येत नाही. आधी खोलगट भाग भरतो, आणि पुढे उभ्या असलेल्याच्या पाठीमागे पाणी होते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यात मुलींची संख्या अधिक होती. त्या दिवशी चंद्र अर्धा होता, म्हणजे उधाणाचे नव्हे, भांगाचे दिवस होते. हे मी मुद्दाम सांगते आहे. उधाण नाही म्हणजे धोका नाही, असा समज किनाऱ्यावरच्या माणसांतही आढळतो. त्या मुलांत अनेक घरे आपल्यासारखीच होती. ती बातमी वाचून आपल्या किती घरांत मुलींच्या सहली बंद झाल्या हे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही विचारा.

आता दुसरा किनारा. काही वर्षांपूर्वी नातेवाइकांबरोबर पुरीला जाणे झाले. मी गेले ती मनात कोकणचा समुद्र घेऊन. समुद्राच्या बाजूने सूर्य उगवतो हेच पचायला दोन दिवस लागले, कारण मगरिबला सूर्य पाण्यात उतरताना पाहायची डोळ्यांना सवय. पाणीही वेगळे. आमच्याकडे ओहोटीला फर्लांगभर चालत जावे तेव्हा कमरेइतके पाणी लागते, इथे काही पावलांतच तळ खाली जातो आणि लाट किनाऱ्याच्या अगदी जवळ, एकदम, अंगावर फुटते. भरती-ओहोटीतला फरक कमी. चेन्नईला तर तो जेमतेम एक मीटर. चांदीपूरसारखी जागा अपवाद, तिथे ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे सरकतो. पण एकंदरीत तिथला धोका चंद्राशी कमी आणि लाटेशी व प्रवाहाशी अधिक बांधलेला. माझ्या मोहल्ल्यातला पाऊणपटीचा हिशेब तिथे लावला असता तर वेळ तर चुकलीच असती (प्रत्येक बंदराचे गणित वेगळे), आणि बरोबर आली असती तरी तिचा उपयोग नव्हता.

ऋतूंचेही तसेच. आमच्याकडे नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागतो आणि ऑक्टोबरात तो मुलांना खेळू देण्याजोगा होतो. नेमक्या त्याच ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरात वादळे. २९ ऑक्टोबर १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ याच दिवसांतले. सरकारची मासेमारीबंदीसुद्धा दोन किनाऱ्यांना दोन वेळा येते, पूर्वेला १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिमेला १ जून ते ३१ जुलै. वादळे म्हणजे पूर्वेची गोष्ट, असे म्हणत आम्ही कोकणी लोक बरीच वर्षे निर्धास्त होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि सुपारीच्या बागा झोपल्या, तेव्हा तो निर्धास्तपणाही गेला. अरबी समुद्र तापू लागल्यापासून जुना अनुभव पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही, असे अभ्यासक सांगतात. (खारटपणाचा फरकही पुष्कळ सांगितला जातो. गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा यांच्या पाण्यामुळे बंगालचा उपसागर कमी खारट हे खरे. पोहणाऱ्याला मात्र डोळे चुरचुरण्यापलीकडे त्याचे काही कळत नाही.)

यातून इल्मविषयी एक गोष्ट मला समजली. कोकणातल्या म्हाताऱ्याचे ज्ञान खोटे नाही, पण ते एका जागेचे आहे. त्याने ते दुसऱ्या किनाऱ्यावर नेले तर तो अजाण माणसापेक्षा जास्त धोक्यात सापडेल, कारण अजाण माणूस निदान घाबरून मागे राहतो. पुरीच्या किनाऱ्यावर नुलिया असतात. मूळचे तेलुगू कोळी, डोक्यावर वेताची उभी टोकदार पांढरी टोपी. पैसे घेऊन ते यात्रेकरूंना हात धरून लाटेत नेतात आणि परत आणतात. आमच्या नुलियाने आधी, कोठून आलात, असे विचारले. मग, पोहता येते का? माझ्या मावसभावाने छाती काढून हो म्हटले. नुलियाने त्याचा हात मनगटाच्या वर, दंडाजवळ पकडला. माझा नुसता बोटांनी धरला. नंतर त्याला कारण विचारले तर हसून म्हणाला, पोहता येणारे हात सोडवून घेतात.

पैसे घेऊन सावध करणे हे कमी दर्जाचे, असे आमच्या मंडळींचे मत पडले. रात्री जेवताना त्यावर बराच वाद झाला. भल्या माणसाने फुकट सांगावे, असे खालाजानचे म्हणणे. मला ते पटले नाही. आमच्या कोकणात लोक फुकटच सांगतात. टपरीवरचा माणूस, होडी दुरुस्त करत बसलेला नाखवा, जाळे वाळत घालणारी बाई, सगळे ओरडून सांगतात की पोरांनो, आता पुढे जाऊ नका. गाडीतून उतरलेली पोरे त्यांच्याकडे वळूनही पाहत नाहीत. कपड्यांवरून, भाषेवरून त्यांनी ठरवलेले असते की या माणसाकडून शिकण्यासारखे काही नाही. पुरीला दिलेल्या पैशांनी नुलियाच्या शब्दाला वजन आले होते. सांगणाऱ्याला इज्जत मिळते तेव्हाच त्याचे ऐकले जाते, मग ती पैशातून मिळो, गणवेशातून मिळो की नात्यातून. गोव्यात २००८ पासून समुद्रकिनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले गेले, तेही याच वाटेने. त्यामुळे सावध करण्याची जबाबदारी एकट्या सांगणाऱ्यावर टाकून भागत नाही. कोणाचे ऐकायचे हे मुलांना कोणी तरी आधी शिकवलेले असावे लागते, आणि ते काम किनाऱ्यावर होत नाही, घरात आणि वर्गात होते.

तिसरी रीत मनाईची. चेन्नईच्या मरीनावर पोहायला बंदी आहे. ती पुळण आज आहे तेवढी रुंद नेहमीच नव्हती. पूर्व किनाऱ्यावर वाळू मोठ्या प्रमाणात दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, वाळू दक्षिणेला अडून मरीना रुंदावली आणि उत्तरेला रोयापुरमकडचा किनारा समुद्र खात गेला. एकाला मिळाले ते शेजाऱ्याचे गेले. बंदीचे फलक तिथे आहेत, पोलीस आहेत, तरी माणसे उतरतात आणि बुडतात. फलक म्हणतो जाऊ नका. का जाऊ नका हे तो सांगत नाही. लाटांनी आणलेले पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. हा प्रवाह खाली ओढत नाही, आत ओढतो. माणूस बुडतो तो बहुधा त्याच्या विरुद्ध सरळ किनाऱ्याकडे हात मारून थकल्यामुळे. किनाऱ्याला समांतर, आडवे सरकले की त्या पट्ट्याबाहेर पडता येते. तेही जमत नसेल तर उताणे पडून तरंगायचे आणि हात हलवायचा. हा नियम मुरूडलाही चालतो आणि मरीनावरही. पाऊणपटीसारखा तो एका किनाऱ्याचा नाही. दोन्हीकडे उपयोगी पडणारे ज्ञान एवढेसेच, पण तेच कोणी सांगत नाही.

सांगण्याची आणखी एक जात नागोरला आहे, नागपट्टिनमजवळ. शाहूल हमीद यांना खलाशी मानतात. त्यांच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार, सुमारे १३१ फुटांचा, तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांनी अठराव्या शतकात बांधला. तो दुरून दिसतो, आणि त्याला कोणाला विचारावे लागत नाही. पण २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा त्याच जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली. लाट येण्याआधी कित्येक किनाऱ्यांवर समुद्र एकाएकी मागे हटला होता, आणि उघड्या पडलेल्या तळाकडे माणसे कुतूहलाने चालत गेली. ओळखीच्या समुद्राने अनोळखी खूण दाखवली तर पळायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांनाही माहीत असण्याचे कारण नव्हते. तिथे मी कोणालाच जबाबदार धरू शकत नाही. मुरूडसारख्या घटनेविषयी मात्र असे म्हणवत नाही.

आता आमच्या शाळांकडे येते. सहलीच्या संमतीपत्रावर मी दरवर्षी "विद्यार्थिनी समुद्रात उतरणार नाहीत" हे वाक्य छापते. चाळीस मुली आणि दोन शिक्षिका असतील तर दुसरे काय लिहिणार? पण मनाई ही बहुतेक वेळा मनाई करणाऱ्याची सोय असते. त्या वाक्याने माझी फाइल सुरक्षित होते, ती मुलगी नाही. तिला पोहता येत नाही, तिच्या भावाला विहिरीत का होईना ढकलून शिकवलेले असते. ती घोटाभर पाण्यात उभी राहते, एक मोठी लाट येते, सलवार आणि ओढणी भिजून जड होतात आणि पायाखालची वाळू सरकते. मुलांना पोहणे शिकवा ही हजरत उमर (र.) यांच्या नावाने सांगितली जाणारी ताकीद आपल्या जलशांत नेहमी ऐकू येते. त्या जलशांतल्या किती वडिलांनी मुलीला पाण्यात नेले आहे? पडद्याचा प्रश्न आहे, मान्य. त्यावर उपाय शोधता येतो, बायकांसाठी ठरावीक वेळ ठेवणारे तलाव शहरांत आहेत. गावात नाहीत, कारण मागणारे कोणी नाही.

उर्दू माध्यमात भरती-ओहोटीला मद्द-ओ-जज़्र म्हणतात. आमच्या मुलांना हा शब्द हालींच्या १८७९ च्या मुसद्दसमुळे आधी कळतो, कारण तिचे पूर्ण नावच मद्द-ओ-जज़्र-ए-इस्लाम आहे. कौमचा चढ आणि उतार! भूगोलात तोच शब्द चंद्र-सूर्याच्या आकृतीसह येतो आणि प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना विचारला जातो. समुद्रापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या मुलीला आज भरती किती वाजता, हे सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गात फळ्यावर हिजरी तारीख लिहून भरतीची वेळ काढायला लावली. खडू, पाढे, पाच मिनिटे. मग तरंगायचे कसे आणि आडवे सरकायचे कसे, हे बाकावर हात पसरून दाखवले. मुली हसल्या, हसू दिले. दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या मोहल्ल्यातली एक मुलगी वेळेत वीस मिनिटांचा फरक येतो म्हणून सांगायला आली. तिच्या दादांनी सांगितले होते की हे गणित समुद्राच्या तोंडाशी खरे, खाडीत आत पाणी उशिरा पोचते. मी तिला ते फळ्यावर लिहायला सांगितले. आता प्रत्येक मुलगी आपापल्या जागेची वेळ वहीत टिपून आणते, आणि ज्यांचे घर समुद्रापासून दूर आहे त्या, आम्ही काय लिहायचे, असे विचारत आहेत.